कलकत्त्याहून आलेली हाडे

आपल्या मंडळात डॉक्टर कुटुंबे पुष्कळ. त्यांतल्या एखाद्या घरी, माळ्यावर जुन्या सूटकेसांच्या मागे, ती पेटी अजून असेल. आत अर्धा सांगाडा, दोऱ्यात ओवलेले मणके आणि एक कवटी. कवटीचा वरचा भाग करवतीने कापून झाकणासारखा केलेला, तो बसवायला बारीक आकडे, खालचा जबडा स्प्रिंगने अडकवलेला. "ही खरी आहे का?" असे मुले विचारतात. खरी आहे, आणि विलायतेत १९८५ पूर्वी घेतलेली असेल तर बहुधा आपल्याच देशातून आलेली आहे.

आधी त्या हाडांविषयी. कवटीची हाडे २२, मानेचे मणके ७, जिराफाचेही सातच! मानेचा मणका ओळखायची खूण म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक भोक. बहुतेकांत वरच्या सहा मणक्यांच्या या भोकांतून मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी वर चढते. पहिला मणका, अॅटलास, नुसती अंगठी. आकाश पेलणाऱ्या ग्रीक राक्षसाचे नाव त्याला दिले, कारण तो डोके पेलतो. दुसऱ्याला वर दातासारखा खुंट असतो. "हो" म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते, "नाही" म्हणताना पहिला मणका त्या खुंटाभोवती फिरतो. (आपली ती खास आडवी मान हलवायची पद्धत कुठल्या सांध्यात बसवावी, हे मात्र पुस्तकात दिलेले नाही.)

हे सारे शिकायला माणसाचीच हाडे लागत, आणि ती मिळवणे इथेही सोपे नव्हते. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या जोडगोळीने सोळा खून करून प्रेते शरीरविच्छेदनासाठी विकली. बर्क १८२९ मध्ये फासावर गेला. त्याचा सांगाडा तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. मग १८३२ च्या कायद्याने बेवारशी प्रेते महाविद्यालयांना मिळू लागली. बेवारशी म्हणजे कोण, तर मुख्यतः गरीबखान्यांत मेलेले.

आपल्याकडे १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्तांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रेताला सुरी लावली. वैद्य घराण्यातल्या माणसाने प्रेताला हात लावणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण त्याच शहरातून पुढे हाडांचा व्यापार उभा राहिला. नदीकाठची, इस्पितळातली बेवारशी प्रेते डोम समाजाची माणसे आणत, हाडे साफ करीत, आणि व्यापारी ती घासूनपुसून, तारेने जोडून पेटीत भरून लंडन-अमेरिकेला पाठवीत. कष्ट डोमांचे, नफा दुसऱ्यांचा. 'शिकागो ट्रिब्यून'ने १९८४ या एका वर्षाची निर्यात सुमारे ६०,००० कवट्या व सांगाडे अशी दिली होती. १९८५ साली लहान मुलांच्या सुमारे १५०० सांगाड्यांचे प्रकरण उघडकीस आले, मुले पळवून मारली असावीत अशी भीती पसरली, आणि भारत सरकारने निर्यातच बंद केली. महाविद्यालये हळूहळू प्लॅस्टिककडे वळली. चोरटा धंदा मात्र चालूच राहिला; २००७ साली वर्धमान जिल्ह्यात पूर्वस्थळी इथे पोलिसांनी असाच एक कारखाना पकडला.

आम्हाला एक गोष्ट खटकते. बर्कचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बाझेलला व्हेसेलियसने १५४३ मध्ये तयार केलेला सांगाडा आहे, त्याचेही नाव ठाऊक आहे. तोही गुन्हेगारच होता. पेटीतल्या माणसाने मात्र काहीच केले नव्हते. त्याच्या भुवयांच्या कडेवरून, कानामागच्या उंचवट्यावरून स्त्री की पुरुष याचा अंदाज बांधता येतो, दातांवरून आणि कवटीच्या सांध्यांवरून वयाचा. नाव, गाव, कोण मागे राहिले, हे हाड सांगत नाही. त्याच्या माणसांना कुणी विचारले नाही, हे नक्की.

तेव्हा घर आवरताना ही पेटी सापडली तर कचऱ्यात टाकू नये आणि विकूही नये. जवळच्या विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करून विचारावे. तोवर ती कुठल्या साली, कुठून, कुणाकडून घेतली, हे आठवेल तेवढे एका कागदावर लिहून पेटीतच ठेवावे. विकत घेणारी पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे, म्हणून हे काम या सुट्टीतच करावे.