नाताळचे हिम

दिल्लीचा डिसेंबर महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडायला काही वर्षे जावी लागतात. कचेरी सुटून घरी परतावे तो सहाच्या सुमारासच काळोख झालेला असतो, वसाहतीतले दिवे धुक्यात विरघळल्यासारखे दिसतात, आणि दार उघडताच माणूस आधी शाल शोधतो. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या बिऱ्हाडातून आमच्याकडे एक मागणी आली. हे कुटुंब वसईचे. गृहस्थ माझ्यासारखेच केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीने इकडे आलेले. रजा न मिळाल्यामुळे त्यांचा नाताळ त्या वर्षी दिल्लीतच व्हायचा होता. आमच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा त्यांना हवा होता. त्याला चार कामट्या जोडून त्यांना तारा करायचा होता.

तारा झाला. खोलीच्या कोपऱ्यात गवताचा गोठा उभा राहिला, त्यात मातीची गुरे आणि मेंढपाळ आले, मध्यरात्री यायच्या बाळासाठी गव्हाण रिकामी ठेवली गेली, आणि या सर्वांवर पिंजलेला कापूस पसरला गेला. माझी मुलगी त्या खटाटोपात दोन दिवस जेवायलादेखील घरी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "बाबा, हा कापूस म्हणजे बर्फ ना? मग वसईला बर्फ पडतो का?" शेजारी हसून म्हणाले, "आमच्या आजीच्या गोठ्यावरही कापूस असायचा, बेटा. का असायचा, ते तिलाही ठाऊक नव्हते."

मी इतिहासाचा विद्यार्थी. पदवीनंतर कचेरीतल्या फायलींनी तो विषय माझ्यापासून हिरावून घेतला खरा, पण मुलीच्या प्रश्नाने त्याची ओढ पुन्हा जागी केली. शोधू लागलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, शुभवर्तमानांत हिमाचा मागमूस नाही. येशूच्या जन्माचा महिनाही तेथे सांगितलेला नाही. २५ डिसेंबर ही तिथी प्रथम आढळते ती इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात. बेथलेहेम डोंगरावरचे गाव असल्यामुळे तेथे क्वचित हिम पडते. परंतु मूळ कथेत ते नाही. मग ते आले कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर, विलक्षण वाटेल, पण आशियातल्या एका ज्वालामुखीपाशी घेऊन जाते. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा पर्वताचा स्फोट झाला. लिखित इतिहासाला ज्ञात असलेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांत याहून मोठा उद्रेक नाही. त्यातून निघालेले गंधकाचे वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोचले. तेथे त्यांच्या सूक्ष्म थेंबांचा पडदा जगभर पसरला आणि सूर्याची ऊब अडली. पुढचे १८१६ हे साल युरोपच्या इतिहासात 'उन्हाळ्याविना गेलेले वर्ष' म्हणून ओळखले जाते. मध्य युरोपात पाऊस थांबेना, पिके शेतातच कुजली, धान्याचे भाव भडकले आणि १८१७ साली लोकांना उपासमार सोसावी लागली. नेपोलियनच्या युद्धांतून नुकत्याच सुटलेल्या प्रजेवर हा दुसरा घाला होता.

त्याच १८१६ साली आल्प्स पर्वतातील मारियाफार या गावी योझेफ मोर नावाचा तेवीस वर्षांचा साहाय्यक धर्मगुरू राहत होता. त्याचा जन्म १७९२ चा, साल्झबर्ग शहरातला. आई विणकाम करून पोट भरणारी, अविवाहित. बाप सैनिक, तो पलटणीतून पळून गेलेला. एका संगीतप्रेमी धर्मगुरूने या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला. परंतु अनौरस मुलाला धर्मगुरू होता येत नसे. त्यासाठी मोरला खास परवानगी मिळवावी लागली. ज्याला बापाचे घर कधी लाभले नाही, त्या या तरुणाने त्या वर्षी सहा कडव्यांची एक कविता लिहिली. आई, तान्हे बाळ आणि भोवतीची शांत रात्र, एवढाच तिचा विषय.

पुढे मोरची बदली साल्झाख नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे झाली. मिठाच्या वाहतुकीवर जगणाऱ्या नावाड्यांचे ते गाव. १८१६ मध्ये साल्झबर्गचा प्रदेश ऑस्ट्रियाकडे गेला आणि नदी ही सरहद्द ठरली. पलीकडच्या काठावरचे लाउफेन बव्हेरियात राहिले आणि एकच वस्ती दोन राज्यांत विभागली गेली. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने आपली कविता शेजारच्या आर्न्सडॉर्फ गावचे शाळामास्तर फ्रान्झ क्साव्हर ग्रूबर यांच्या हाती दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांच्यासाठी चाल मागितली. ग्रूबर विणकराचा मुलगा. त्याच संध्याकाळी त्याने चाल आणून दिली, आणि त्याच रात्री ते गीत ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गायिले गेले. आज जग त्याला 'सायलेंट नाइट' या नावाने ओळखते. उंदराने ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार घ्यावी लागली, ही कथा गोड असली तरी ग्रूबरने १८५४ साली स्वतः लिहून ठेवलेल्या निवेदनात तिचा उल्लेख नाही. १८१८ म्हटले की आपल्याला पेशवाईचा अस्त आठवतो; त्याच सालाच्या अखेरीस एका दूरच्या नदीकाठी हे घडत होते.

गीत पुढे पसरले तेही कुटुंबांच्या मुखातून. झिलर खोऱ्यातून आलेल्या एका ऑर्गन-कारागिराने ते आपल्या मुलखात नेले, असे मानले जाते. तेथील श्ट्रासर भावंडे हातमोजे विकण्यासाठी लाइपझिगच्या जत्रेला जात. १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी ते तेथे गायिले. राइनर कुटुंबीयांनी १८३९ साली ते न्यूयॉर्कला ऐकविले. कर्त्यांची नावे मात्र वाटेतच गळून पडली होती; एखाद्या थोर संगीतकाराची रचना म्हणून लोक ते गात. मोर १८४८ साली डोंगरातल्या वाग्राइन गावी गरिबीतच वारला. मोरच्या हातची एक प्रत १९९५ मध्ये उजेडात आली, आणि कविता १८१६ ची असल्याचे तेव्हा कळले. तीत दुष्काळाचे नावही नाही. परंतु आज फारशी न गायिली जाणारी तिची काही कडवी वाचली, म्हणजे सर्व राष्ट्रांना कवेत घेणाऱ्या शांतीची तहान त्या पिढीला किती लागली होती, ते उमगते. १९१४ च्या नाताळात फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर समोरासमोरच्या खंदकांतील सैनिकांनी काही काळ बंदुका खाली ठेवल्या, तेव्हा याच गीताचे सूर तेथे उमटले होते.

आता हिमाकडे वळू. चार्ल्स डिकन्स १८१२ साली जन्मला. म्हणजे तांबोराच्या उद्रेकानंतरची गारठलेली वर्षे हेच त्याचे बालपण. १८१४ च्या आरंभी लंडनची थेम्स नदी इतकी गोठली होती की तिच्यावर जत्रा भरली. ती तशी शेवटचीच जत्रा ठरली. पुढे १८२४ साली बापाला कर्जापायी तुरुंगात जावे लागले, कुटुंबातली बाकीची मंडळीही त्याच्यापाठोपाठ तुरुंगातच राहावयास गेली, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागला. या मुलाने मोठेपणी, १८४३ च्या डिसेंबरात, 'अ ख्रिसमस कॅरोल' प्रसिद्ध केले. त्यातला बॉब क्रॅचिट आमच्याच जातकुळीचा, म्हणजे कारकून. आठवड्याला पंधरा शिलिंग पगार, आणि कचेरीत शेकायला मेणबत्तीची ज्योत. तरी त्याच्या घरी नाताळला हंस शिजतो, पुडिंग फसते की काय या धास्तीने गृहिणीचा जीव खालीवर होतो, मुले टाळ्या पिटतात. बाहेरचे हिम जितके दाट, तितकी ती चूल उबदार वाटते. डिकन्सच्या लिखाणातले हे हिम चित्रांत आणि शुभेच्छापत्रांत शिरले, साम्राज्याबरोबर जगभर गेले आणि शेवटी कापसाच्या रूपाने हिंदुस्थानातल्या गोठ्यांवरही येऊन उतरले, असे मला वाटते.

आणखी एक उदाहरण सांगतो. हँबर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न या तरुण धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये निराधार मुलांसाठी 'राउएस हाउस' नावाचा आश्रम काढला होता. नाताळ कधी येणार, असा धोशा ती मुले त्याच्यामागे लावीत. म्हणून १८३९ साली त्याने गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या बसविल्या; रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान तांबड्या. रोज एक नवी ज्योत पेटे आणि मुले दिवस मोजीत. युरोपातल्या घराघरांत नाताळापूर्वी चार रविवार चार मेणबत्त्या लावण्याची चाल पडली ती यातूनच.

मोरला बाप नव्हता, विखर्नच्या मुलांना घर नव्हते, डिकन्सचे घर तुरुंगात गेले होते. नाताळ हा ज्या अर्थाने आज घरगुती सण झाला आहे, तो घडविण्यात या बिनघरांचा वाटा मोठा आहे. ज्याच्या घरी उबेची ददात नसते, त्याला दिवे मोजीत बसावे लागत नाही. ख्रिस्ती धर्मात आशा हा सद्गुण मानला आहे. बाहेरची परिस्थिती पालटलेली नसताना, दिलेल्या वचनावर विसंबून वाट पाहत राहणे, असा तिचा अर्थ मी समजतो. मुळात ती कथा तरी कोणाची? लूकच्या शुभवर्तमानात रोमन बादशहाच्या खानेसुमारीच्या हुकमामुळे एक सुतार आपल्या गरोदर स्त्रीला घेऊन परगावी येतो, आणि त्यांना उतारशाळेत जागा मिळत नाही. सरकारी हुकमाने घर सुटणे म्हणजे काय, हे आम्हां बदलीच्या नोकरांना निराळे समजावून द्यावे लागत नाही.

मराठीत ही कथा आणणारा माणूसही घर सोडून आलेलाच होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. मायदेशी कॅथलिकांचा छळ होत असल्यामुळे तो रोमला गेला, जेझुइट संघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोचला. पंधरवडा उलटताच, १० नोव्हेंबरला, त्याने बापाला सविस्तर पत्र लिहिले. त्यानंतर चाळीस वर्षे तो इकडेच राहिला. इंग्लंडला परतला नाही. १६१६ साली राचोल येथे त्याचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, म्हणजे मोरच्या कवितेच्या बरोबर दोनशे वर्षे आधी. परक्या मुलखाच्या भाषेत, त्या मुलखाच्या ओवीत, त्याने बेथलेहेमचे बाळ जन्माला घातले. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, मूळ लॅटिन. अर्थ एवढाच, की जन्म.

हे सगळे मी मुलीला सांगितले. तिला ज्वालामुखी आवडला, विखर्नचे चाकही आवडले. बाकीचे तिने सोडून दिले. त्या रात्री शेजारी मंडळी प्रार्थना आटोपून कडाक्याच्या थंडीतून परतली. त्यांनी गव्हाणीत बाळ ठेवले आणि वसईला फोन लावून आजींना ते दाखविले. मग आम्हां सर्वांना बोलावून घेतले. केक होता, नेवऱ्या होत्या, आणि चार मुलांचा गलका इतका होता की हीटर बंद आहे हे फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आले.

सहा जानेवारीनंतर आमचा सांगाडा परत आला. कामट्यांच्या सांध्यांत थोडा कापूस अडकून राहिला होता. पुढच्या दिवाळीत रंगीत कागद लावताना मी तो काढू लागलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "राहू द्या, बाबा. नाताळला पुन्हा लागेल."