शस्त्रवैद्याच्या पाठीमागे

१८४५ सालच्या मार्च महिन्याची ८ तारीख. कलकत्त्याहून 'बेंटिंक' नावाची आगबोट सुवेझकडे निघाली, तेव्हा तिच्यावर चार बंगाली तरुण होते. भोलानाथ बोस, द्वारकानाथ बोस, गोपालचंद्र सील आणि सूर्यकुमार चक्रवर्ती. शस्त्रक्रिया व वैद्यक शिकण्यासाठी ते विलायतेला चालले होते. समुद्र ओलांडला की जात गेली, असे मानण्याचा तो काळ. आणि त्यांतला एक तर विक्रमपूरकडच्या ब्राह्मणाचा मुलगा!

पण खरे सांगायचे तर त्यांची मोठी सीमा घरीच ओलांडून झाली होती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर सुरी चालवली आणि त्या कॉलेजातल्या मुलांपुढची ती भिंत पडली. प्रेताला हात लावलेल्यांना काळ्या पाण्याचे भय ते कितीसे वाटणार? बरोबर त्यांचे गुरू डॉक्टर गुडीव्ह होते, आणि रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूरही त्याच बोटीवर होते. दोघांचा खर्च ठाकुरांनी उचलला. बाकीच्यांसाठी गुडीव्हसाहेबांनी पदरमोड केली, वर्गणी जमवली. शिष्यासाठी वर्गणी मागत हिंडणारा गुरू मला तरी फार आवडतो.

लंडनला ही मुले युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाली. कॉलेजचे रुग्णालय रस्त्यापलीकडेच होते. शस्त्रक्रिया शिकण्याची तिकडची रीत आपल्या गवयांच्या तालमीसारखी होती. पुस्तके, व्याख्याने होतीच; पण खरे शिक्षण म्हणजे शस्त्रवैद्याच्या मागोमाग चालणे. तो वॉर्डात शिरला की मागे मुलांचा घोळका. तो ज्या खाटेशी थांबे तिथे थांबायचे, जखम कशी उघडतो, बोटांनी गाठ कशी चाचपतो, रोग्याशी काय बोलतो आणि काय बोलत नाही, ते टिपायचे. थोडे पुढे गेलेले विद्यार्थी 'ड्रेसर' होत. पट्ट्या बांधण्याचे काम त्यांच्याकडे. आणि त्या मानासाठी फी वेगळी भरावी लागे!

मी लंडनला गेलो असताना सदर्कमध्ये जुन्या सेंट टॉमस रुग्णालयाची एक शस्त्रक्रियेची खोली पाहिली होती. ती चर्चच्या माळ्यावर आहे. १८२२ ची ही खोली १८६२ नंतर बंद पडून विस्मरणात गेली आणि १९५६ साली पुन्हा सापडली. मधोमध लाकडी टेबल, खाली रक्त टिपायला भुशाची पेटी आणि भोवती अर्धवर्तुळात चढत गेलेल्या पायऱ्या. विद्यार्थी तिथे कठड्याला रेलून उभे राहत. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचीच आठवण व्हावी. फक्त इथे टेबलावरच्या माणसाला भूल दिलेली नसे.

आणि या चौघांच्या कॉलेजात त्या वेळी शस्त्रक्रियेचा प्राध्यापक कोण? रॉबर्ट लिस्टन. सहा फुटांवर उंच, आडदांड स्कॉटिश माणूस. त्याची कीर्ती वेगाची होती, आणि ती बढाई नव्हे. रोगी शुद्धीवर असताना हाड कापायचे, तर जितका वेळ लागेल तितकी यातना आणि तितका रक्तस्राव. वेग हीच त्या काळची दया होती. पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही म्हणून वेगच दिसे. हात काय करतो ते डोळ्याला पकडेपर्यंत काम उरकलेले असे.

अशात २१ डिसेंबर १८४६ उजाडला. बॉस्टनला ऑक्टोबरमध्ये इथरची वाफ हुंगवून शस्त्रक्रिया झाल्याची बातमी दोनच महिन्यांत अटलांटिक ओलांडून आली होती. हार्ली स्ट्रीटवरचा एक बटलर मांडीतून पाय कापायला टेबलावर निजला. इथर हुंगवला तो विल्यम स्क्वायर नावाच्या एका विद्यार्थ्यानेच! अर्ध्या मिनिटाच्या आत पाय वेगळा झाला. शुद्धीवर आल्यावर त्या माणसाने 'आता कधी सुरुवात करणार?' असे विचारल्याचे सांगतात. अमेरिकनांच्या या युक्तीने मेस्मेरिझमवर ताण केली, अशा अर्थाचे लिस्टनचे उद्गार प्रसिद्धच आहेत.

मेस्मेरिझम मध्येच कुठून आला? गंमत इथेच आहे. याच कॉलेजातल्या एलियटसन नावाच्या प्राध्यापकाने संमोहनाच्या नादापायी १८३८ साली जागा सोडली होती. आणि आपले चौघे कलकत्त्याहून निघून महिना होतो न होतो, तोच एप्रिल १८४५ मध्ये तिकडे हुगळीला जेम्स एस्डेल हा सर्जन माणसांना नुसत्या हातांच्या पाशांनी निद्रिस्त करून कापू लागला. मोठमोठ्या गाठी त्याने अशा काढल्या. म्हणजे वेदनेवाचून शस्त्रक्रिया शिकायची, तर घरापासून दिवसाच्या वाटेवर ती चालली होती! पण ती सर्वांवर सारखी चालेना आणि वेळही फार खाई. इथर मात्र कोणाही रोग्याला, कोणाही शिकाऊ मुलाच्या हातून देता येई. टिकला तो इथर.

लिस्टन पुढे वर्षभरही जगला नाही. ७ डिसेंबर १८४७ ला तो गेला. द्वारकानाथ ठाकूर त्याआधीच, १ ऑगस्ट १८४६ ला, लंडनमध्ये वारले होते. आश्रयदाता गेला, गुरू गेला. मुले अभ्यास करीत राहिली. वेगाची विद्या शेवटच्या घटकेला आली असताना ती शिकायला आलेले आणि सावकाशीची विद्या पहिल्या दिवसापासून पाहिलेले असे हे विद्यार्थी. त्यांच्या वयाच्या शस्त्रवैद्यांना घड्याळाकडे न पाहता रक्तवाहिनी शोधण्याची सवड मिळाली. जखम सडण्याचे संकट मात्र तसेच राहिले. त्यावर लिस्टरचे कार्बोलिक यायला १८६५ साल उजाडावे लागले.

ते निघाले त्याच १८४५ साली मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. आपले भाऊ दाजी तिथल्या पहिल्या तुकडीतले. इकडे सूर्यकुमार १८४९ साली लंडनचे एम. डी. झाले. तरी कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेचे दार हिंदी माणसाला बंदच होते. १८५५ साली ते चढाओढीच्या परीक्षेने उघडले, तेव्हा हा विक्रमपूरचा मुलगा पुन्हा लंडनला जाऊन परीक्षेला बसला आणि दुसरा आला. पुढे कलकत्त्याच्या त्याच कॉलेजात तो प्राध्यापक झाला, आणि पाठीमागे मुलांचा घोळका घेऊन वॉर्डातून हिंडू लागला.