पॉवर बँकेवरून गहाळ झालेला व्होल्टा

१/ पॉवर बँक विकत घेताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर स्थिरावते: १०,००० किंवा २०,०००. त्यापुढे 'एमएएच', म्हणजे मिलिअँपिअर-तास, ही अक्षरे असतात. आकडा मोठा तेवढी साठवण मोठी, असा सरळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात ५,००० एमएएच बॅटरीचा फोन १०,०००च्या पॉवर बँकेवर दोनदा पूर्ण भरत नाही. दीड वेळा भरला तरी पुष्कळ. दर वेळी यात कंपनीची लबाडीच असते असे नाही. या तुटीचे मूळ सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

२/ २० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टाने कोमो येथून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. जस्ताची चकती, चांदीची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा जस्त, पुन्हा चांदी. अशा उतरंडीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात लावला की झटका बसे. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय हलताना पाहून वीज प्राण्याच्या शरीरात असते असा निष्कर्ष काढला होता. व्होल्टाला तो मान्य नव्हता. बेडकाविना वीज निर्माण करून त्याने वादाला उत्तर दिले. (त्याचे स्वतःचे स्पष्टीकरणही अपुरेच होते. वीज नुसत्या धातूंच्या स्पर्शातून नव्हे, तर रासायनिक क्रियेतून येते, हे नंतर स्पष्ट झाले.)

३/ या उतरंडीतला महत्त्वाचा धडा असा: चकत्यांच्या जोड्या वाढवल्या की झटक्याचा जोर वाढतो. हा जोर म्हणजे विभवांतर. किती विद्युतप्रभार वाहिला, ही गोष्ट वेगळी. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे आणि टाकी किती उंचीवर आहे, हे जसे दोन निराळे प्रश्न आहेत, तसेच हे.

४/ १८८१च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत 'व्होल्ट' आणि 'अँपिअर' ही एकके स्वीकारली गेली. पुढच्याच वर्षी विल्यम सीमेन्स यांनी शक्तीसाठी 'वॅट' हे नाव सुचवले. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. त्याला वेळेने गुणले की वॅट-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा. मिलिअँपिअर-तासात अँपिअर आहे, तास आहे; व्होल्टा मात्र कुठेच नाही. पाणी मोजले, उंची विसरली.

५/ ही विसर दीर्घकाळ खपून गेली, कारण तुलना सारख्याच घटांची होत असे. लक्लांशेने १८६६ मध्ये घडवलेला घट आणि त्यावरून गासनरने १८८६ मध्ये तयार केलेला कोरडा घट, दोन्ही साधारण दीड व्होल्टचे. सगळ्या टाक्या एकाच उंचीवर असतील तर पाणी मोजणे पुरते.

६/ लिथियमने उंची बदलली. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पाया घातला. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून सुमारे चार व्होल्ट गाठले. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम टाळून सुरक्षित नमुना घडवला आणि १९९१ मध्ये सोनीने असे घट बाजारात आणले. तिघांना २०१९चे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. पॉवर बँकेतला घट याच घराण्यातला, साधारण ३.७ व्होल्टचा.

७/ तिचे दार मात्र दुसऱ्याच घराण्यातले. १९९६चे यूएसबी जन्मले ते संगणकाला माउस, कळफलक, प्रिंटर जोडण्यासाठी, आणि त्याचा दाब ठरला ५ व्होल्ट. पुढे फोनचे चार्जरही त्याच वाटेने गेले. म्हणून पॉवर बँकेतील परिपथाला ३.७ वरून ५ पर्यंत दाब चढवावा लागतो, आणि फोन आपल्या बॅटरीसाठी तो पुन्हा उतरवतो. दोन्ही वेळा काही ऊर्जा उष्णतेत जाते. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. ५,०००च्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची. कागदावरही दोन वेळा होत नाहीत, मग गळती वेगळीच. प्रामाणिक कंपन्या बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' छापतात. ती ५ व्होल्टच्या हिशेबाने असल्यामुळे मोठ्या आकड्याहून बरीच लहान दिसते. पण विश्वास ठेवायचा तो तिच्यावर.

८/ गहाळ झालेल्या व्होल्टाला परत आणले ते विमान वाहतुकीने. आगीची तीव्रता साठवलेल्या ऊर्जेवर ठरते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली आणि दोन्ही वैमानिक दगावले. प्रवाशांसाठीचे नियमही वॅट-तासांतच बोलतात: १०० पर्यंत पॉवर बँक बिनपरवाना, १०० ते १६० विमान कंपनीच्या संमतीने, त्यापुढे बंदी. आणि ती न्यायची केबिनमध्येच, चेक-इन सामानात नाही.

९/ बाजारात २६,८०० असा विचित्र आकडा का दिसतो, याचा उलगडा इथे होतो. २६,८०० गुणिले ३.७ भागिले १,००० म्हणजे ९९.१६ वॅट-तास. शंभराच्या उंबरठ्याला टेकून थांबलेला आकडा आहे तो. २०,०००ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणजे निर्धास्त.

१०/ उलट, स्वस्तात मिळणाऱ्या '५०,०००'ची परीक्षा तराजूवर होते. ३,५०० एमएएचचा उत्तम दंडगोल घट साधारण ४८ ग्रॅमचा. असे १४-१५ घट लागतील, म्हणजे नुसत्या घटांचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. वस्तू हाताला हलकी लागली तर आकडा खोटा. आकडा खरा निघाला तर १८५ वॅट-तास, म्हणजे विमानात प्रवेशच नाही!

११/ वेगाचा प्रश्न निराळा. तिथे नुसते वॅट पाहावेत. मूळच्या यूएसबीतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळत. आजची वीस वॅटची पॉवर बँक त्याच्या आठपट शक्ती देते, अर्थात फोन आणि केबल दोघांना ती झेपत असेल तर.

१२/ २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी पेटले. सगळे बचावले, तपासाचा रोख एका पॉवर बँकेकडे वळला. त्याच वर्षी २८ जूनपासून चीनने '३सी' हे प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना देशांतर्गत विमानांत मज्जाव केला. भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर-'ने सुरू होणारा तो क्रमांक आणि वॅट-तासांचा आकडा बहुधा वस्तूच्या पाठीवर, सर्वांत बारीक अक्षरांत छापलेले असतात.