झुडपात सापडलेला ट्रॅक्टर पुन्हा जंगलात कसा जातो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

आजचा विषय आहे एक भंगारात निघालेला ट्रॅक्टर. जागा ब्रिटनमधली. तिकडे एखादं जुनं शेत किंवा रानाचा तुकडा विकला जातो, नवा मालक काटेरी झुडपं साफ करायला घेतो आणि मागे करड्या रंगाचं काहीतरी दिसतं. टायर कुजलेले, सीटवर शेवाळ, रेडिएटरमध्ये उंदरांची घरटी. तीस-चाळीस वर्षं कुणी हात लावलेला नसतो. आणि काही महिन्यांनी तोच ट्रॅक्टर जंगलातून लाकडाचे ओंडके ओढत असतो! हे इतक्या वेळा घडलंय की तिथे आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

हा ट्रॅक्टर बहुतेक वेळा एकच असतो: फर्ग्युसन टीई-२०. लाडाने त्याला ‘लिटल ग्रे फर्गी’ म्हणतात. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. ताकद साधारण २४ हॉर्सपॉवर, म्हणजे आपल्याकडे द्राक्षबागेत फिरणाऱ्या मिनी ट्रॅक्टरएवढी. पण याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचला. हो, एव्हरेस्टवाला हिलरीच.

तर प्रश्न असा, की सत्तर वर्षांपूर्वीचं यंत्र आजच्या कामाला कसं काय येतं? ‘जुनं ते सोनं’ हे उत्तर मला पटत नाही. जुन्या कितीतरी वस्तू कायमच्या भंगारात गेल्याच की. खरं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. ३१ डिसेंबर १९०९ ला स्वतः बांधलेलं विमान उडवून तो आयर्लंडमधला पहिला वैमानिक ठरला. पुढे पहिलं महायुद्ध आलं, अन्नाची टंचाई झाली आणि १९१७ मध्ये सरकारी शेती खात्याने त्याला ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायचं काम दिलं. गावोगाव फिरताना त्याला एक भयानक गोष्ट कळली. ट्रॅक्टर चालकांना मारत होते.

कसं, ते सांगतो. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने किंवा दांड्याने नुसता जोडलेला असायचा. नांगर दगडात अडकला की मागची चाकं पुढे जाऊ शकायची नाहीत, पण इंजिन तर जोर लावतच असायचं. मग तो जोर ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलायचा. पापणी लवेपर्यंत ट्रॅक्टर मागे उलटायचा आणि चालक त्याखाली. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेलेली तुम्ही पाहिलीच असतील. तीच ही गोष्ट.

फर्ग्युसनने काय केलं? नांगर तीन ठिकाणी जोडला. खाली दोन दांडे, वर एक. खालचे दोन ओढतात. नांगर जमिनीत अडला की तो पुढे कलंडायला बघतो आणि त्याच्या वरच्या टोकाला जोडलेला तिसरा दांडा ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. त्यामुळे पुढची चाकं जमिनीवरच दाबून राहतात. याला जोड हायड्रोलिकची. वरच्या दांड्यावरचा दाब वाढला की नांगर आपोआप थोडा वर उचलला जातो आणि त्याचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. म्हणून हलका ट्रॅक्टरही भारी काम करू लागला.

ही जोडणी घेऊन १९३८ मध्ये तो हेन्री फोर्डकडे गेला. करार झाला तोंडी, फक्त हात मिळवून. पुढे फोर्डच्या वारसांनी तो मोडला. फर्ग्युसनने अमेरिकेत खटला भरला आणि १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. दरम्यान त्याने कॉव्हेंट्रीत आपला टीई-२० सुरू केला होता, ज्या कारखान्यात युद्धकाळात विमानांची इंजिनं बनायची तिथे.

आता आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलू. फर्ग्युसनने ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामधला ‘इंटरफेस’ बनवला. पुढे तोच जगभर प्रमाण झाला. छोट्या ट्रॅक्टरसाठी त्याला ‘कॅटेगरी १’ म्हणतात, खालच्या पिनची जाडी २२ मिलिमीटर. आपल्याकडे रोटावेटर, पलटी नांगर, पेरणी यंत्र ज्या तीन ठिकाणी जोडतात ना, ती जोडणी हीच. १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टाफे कंपनी सुरू झाली. तिचे लाल ट्रॅक्टर म्हणजे या करड्या फर्गीचे वंशजच.

आणि झुडपातल्या ट्रॅक्टरचं पहिलं गुपितही हेच. आज कारखान्यातून आलेली, ओंडके ओढायची नवी कोरी विंच १९५० च्या फर्गीला बसते, कारण पिना जुळतात. अपडेट नको.

दुसरं गुपित म्हणजे हा ट्रॅक्टर उघडता येतो. बंद पडलेला फर्गी जागा करणारे लोक लगेच स्टार्टर मारत नाहीत. इंजिन जाम असेल तर जोर लावल्याने आतलं मोडतं. आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल किंवा डिझेल सोडतात आणि काही दिवस वाट बघतात. मग वरच्या गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर हळूहळू पुढे-मागे ढकलतात. सुटला तर बरं. नाही सुटला तरी आशा संपत नाही, कारण स्टँडर्ड कंपनीच्या या इंजिनात सिलिंडरचे लायनर वेगळे काढून नवे घालता येतात. मग बघायचं, की हिवाळ्यात आतलं पाणी गोठून इंजिनचा ब्लॉक तडकलाय का. ही तिकडची जुनी दुखणी. गिअरबॉक्स, हायड्रोलिक आणि मागचा अॅक्सल या तिघांचं तेल एकच. ते दुधासारखं पांढुरकं दिसलं तर समजायचं, पाणी शिरलंय. ट्रॅक्टरला वेगळी चासीच नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले. क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवायचा. कंपनी सोबत एक पाना द्यायची, त्यावर इंचांच्या खुणा असायच्या. म्हणजे पानाच मोजपट्टी!

मग जंगलच का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड कमी पडलं, म्हणून १९१९ मध्ये तिथे फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि मोठ्या प्रमाणावर झाडं लावली गेली. अशी लागवड वीस-तीस वर्षांची झाली की दाटीतली बारीक झाडं काढून विरळणी करावी लागते. अरुंद वाटा, मऊ जमीन, छोटे ओंडके. हे काम पूर्वी घोडे करायचे. आजही कुणाकडे चार-पाच एकर रान असेल तर महागडं अवजड यंत्र परवडत नाही आणि ते आत मावतही नाही. हलका फर्गी मावतो.

पण थांबा. इथेच या गोष्टीत एक सापळा आहे.

ओंडका म्हणजे नांगर नव्हे. तो तीन ठिकाणी घट्ट जोडलेला नसतो, साखळीला बांधलेला असतो. साखळी वर, टॉप लिंकच्या जागी अडकवली आणि ओंडका बुंध्यात अडकला, तर आपण थेट १९१७ मध्ये परत जातो. ज्या मृत्यूवर फर्ग्युसनने उपाय शोधला, तोच मृत्यू पुन्हा समोर. शिवाय जंगलात उतार असतो, ट्रॅक्टर आडवाही पलटतो. आणि जुन्या फर्गीवर चालकाच्या डोक्यावर काहीच नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरसाठी ही सक्ती १९७० मध्ये आली. तोवर फर्गीचं उत्पादन बंद होऊन १४ वर्षं झाली होती.

म्हणून जाणकार लोक रंगाच्या आधी सांगाडा बसवतात. साखळी मागच्या अॅक्सलच्या खाली जोडतात. ओंडक्याचं पुढचं टोक थोडं उचलतात, म्हणजे ते जमिनीत रुतत नाही. इंजिनच्या पोटाखाली बुंध्यांपासून वाचवायला जाड पत्रा लावतात. प्रदर्शनात ठेवायचा ट्रॅक्टर अगदी मूळ होता तसा करता येतो. कामाला लावायचा असेल तर त्याची जुनी चूक दुरुस्त करूनच लावावा लागतो. मला वाटतं जुन्या गोष्टी जपण्याचा हा जास्त प्रामाणिक प्रकार आहे.

जाता जाता एक प्रश्न. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये कंप्युटर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर कंपनीवर खटला भरला. आरोप असा, की दुरुस्तीचं संपूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरलाच मिळतं, शेतकऱ्याला नाही. कंपनीला हा आरोप मान्य नाही. त्याआधी २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला होता.

हे कुलूप लोखंडाचं नाही, कोडचं आहे. ते माझ्यासारखीच कुणीतरी लिहितात. आणि ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण उद्या तेच काम करणार आहेत. आज बनणारा ट्रॅक्टर २०९० मध्ये कुणाला झुडपात सापडला, तर इंजिनात तेल सोडून तो जागा होईल का? फर्गीच्या बाबतीत याचं उत्तर एका इंजिनिअरने १९४६ च्या आधीच देऊन ठेवलं होतं. यापुढचं उत्तर कोड लिहिणाऱ्यांकडे आहे.

तुमच्या गावात कुणी जुना ट्रॅक्टर पुन्हा चालू केला असेल तर त्याची गोष्ट नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, काळजी घ्या मंडळी!