चित्रपटसंगीतांतील पहिली जोडी



दोन संगीतकारांचीं नांवें पडद्यावर एकत्र पाहण्याची आपणांस आतां इतकी संवय झाली आहे कीं, ही प्रथा कोणी पाडली, हा प्रश्नहि मनांत येत नाहीं. हिंदी बोलपटांत तो मान हुस्नलाल व भगतराम या पंजाबी बंधूंना देतात; आणि आरंभ झाला तो आपल्या पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनींत. १९४४ सालचा ‘चांद’ हा त्यांचा पहिला बोलपट होय.

थोरले भगतराम हार्मोनियम वाजवीत, धाकटे हुस्नलाल व्हायोलिन. त्यांचे वडील बंधु पंडित अमरनाथ हेहि संगीतदिग्दर्शक. तेव्हां विद्या घरांतच होती. व्हायोलिननें ओळ गावी, ढोलकानें तिला ठेका द्यावा, आणि चाल अशी सोपी असावी कीं, थिएटरांतून निघालेल्या पोरानें ती गुणगुणत घर गांठावें, ही त्यांची रीत. ‘प्यार की जीत’ (१९४८) आणि ‘बडी बहन’ (१९४९) या बोलपटांत ती फळास आली. महात्माजींच्या हत्येनंतर राजेंद्रकृष्ण यांनीं लिहिलेलें व महंमद रफी यांनीं गाइलेलें चरित्रगीतहि याच बंधूंनीं स्वरबद्ध केलें.

परंतु ज्या वर्षीं ‘बडी बहन’ गाजला, त्याच वर्षीं ‘बरसात’हि आला. त्याचे एक संगीतकार शंकर हे पूर्वीं याच बंधूंकडे तबला वाजवीत असत. शंकर-जयकिशन यांनीं वाद्यवृंद विस्तारला, गाण्याची मांडणी भरगच्च केली. लोकांची आवड तिकडे वळली. या बंधूंच्या चाली मात्र जुन्याच सांच्यांतून निघत राहिल्या. हळूहळू कामें आटलीं. हुस्नलाल दिल्लीस गेले व १९६८ सालीं वारले. भगतराम मुंबईंतच राहिले, आणि इतर संगीतकारांच्या वाद्यवृंदांत हार्मोनियम वाजवून चरितार्थ चालवूं लागले. १९७३ सालीं त्यांचें निधन झालें.

शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडे म्हणतात. उभें आयुष्य शिकविण्यांत घालविल्यामुळें मला तें पटतें. शिष्य पुढें गेला याचें दुःख नाहीं. परंतु त्याच्या कीर्तींत गुरूचें नांव पुसलें जावें, हें बरें नव्हे. कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल या सर्व जोड्या ज्या वाटेनें गेल्या, ती वाट या दोघां भावांनीं मळविली होती. यापुढें त्यांचें एखादें गाणें रेडिओवर लागलें, तर चालीबरोबर चालकर्त्यांचीं नांवेंहि मुलांना सांगावीं, एवढेंच माझें मागणें आहे.