उत्तर ध्रुवावरचं दोन फुटांचं तळं

२०१३च्या जुलै महिन्याच्या अखेरीस एक फोटो जगभर फिरला. फोटोत समोर पाणीच पाणी, वर ढगाळ आभाळ आणि पाण्याच्या मधोमध उभा असलेला एक पिवळा बोया. सोबतचे मथळे साधारण एकाच सुरातले होते: उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला, तिथे आता तळं झालंय.

फोटो अस्सल होता. त्यावर कुणी काही कारागिरी केलेली नव्हती. तो ज्या कॅमेऱ्याने काढला त्याचं नावच 'नॉर्थ पोल वेबकॅम' होतं आणि तो अमेरिकन सरकारच्या 'नोआ' या समुद्र आणि हवामान अभ्यासणाऱ्या संस्थेचा होता. एवढा भरवशाचा माल असूनही मथळ्याचा अर्थ मात्र चुकला. तो कसा चुकला हे समजायचं, तर माणसानं वेबकॅम घराबाहेर, गावाबाहेर आणि शेवटी जमिनीच्याही बाहेर कसा नेला, हे थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

वेबकॅमचा जन्म कॉफीच्या तलफेतून झाला, हा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असतो. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, म्हणजे जिने उतरून जाण्याआधी भांड्यात कॉफी आहे का हे जागेवरच कळावं. चित्र कृष्णधवल होतं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं. १९९३ला ते इंटरनेटवर आलं आणि लोक जगाच्या दुसऱ्या टोकावरून रिकामं भांडं बघू लागले. १९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत 'फॉगकॅम' सुरू झाला. तो खिडकीबाहेरचा परिसर आणि तिथलं धुकं दाखवायचा. या दोन्ही कॅमेऱ्यांना एक सुख होतं: पाठीमागे भिंत होती, भिंतीत प्लग होता आणि प्लगशेजारी नेटवर्कची वायर होती.

उत्तर ध्रुवावर भिंत सोडा, जमीनही नाही. मराठी वाचकाची ध्रुवाशी जुनी ओळख आहे ती लोकमान्य टिळकांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज'मुळे. १९०३ साली तो ग्रंथ पुण्यातून निघाला तेव्हा ध्रुवाच्या ठिकाणी पाऊल ठेवल्याचा दावासुद्धा अजून कुणी केलेला नव्हता. तिथे आहे तो ४ किलोमीटरहून खोल समुद्र आणि त्यावर तरंगणारी, जेमतेम दोन-तीन मीटर जाडीची बर्फाची लादी. ही लादी वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. म्हणजे ध्रुवावर खांब रोवला, तर तो खांब दुसऱ्या दिवशी ध्रुवावर नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००० साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेम्स मॉरिसन यांच्या नेतृत्वाखाली 'नॉर्थ पोल एन्व्हायर्नमेंटल ऑब्झर्व्हेटरी' हा प्रकल्प सुरू झाला. दर वसंतात विमानाने बर्फावर उतरायचं, हवेचं तापमान, वारा, सूर्याची ऊर्जा, बर्फाची जाडी असं सगळं मोजणारी उपकरणं लादीत गाडायची आणि परत यायचं. त्यासाठी एप्रिल महिना सोयीचा. सूर्य उगवून काही आठवडे झालेले असतात आणि बर्फ अजून विमानाचं वजन पेलण्याइतका भक्कम असतो. मागे राहिलेली उपकरणं मग एकट्याने वाहत जातात आणि जमेल तेवढा वेळ आकडे पाठवत राहतात.

आकडे पाठवणं तसं जमलेलंच होतं. १९७८पासून 'आर्गोस' नावाची उपग्रह यंत्रणा होती आणि आर्क्टिकमधले बोये त्यावरच चालत. पण आर्गोसचा एक संदेश फार तर ३२ बाइटचा. तापमान, दाब आणि बॅटरीची अवस्था एवढं त्यात मजेत बसतं. शंभर किलोबाइटचा साधा फोटो पाठवायचा, तर असे तीन हजारांहून जास्त तुकडे करावे लागतील. शिवाय संवाद एकतर्फी, त्यामुळे कुठला तुकडा वाटेत हरवला हे बोयाला कळायचा मार्ग नाही. टीव्हीच्या डिश अँटेना ज्यांच्याकडे तोंड करून असतात ते उपग्रहही इथे निरुपयोगी. ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात आणि ध्रुवावरून पाहिलं तर क्षितिजाच्या खाली दडलेले असतात.

कॅमेऱ्याची अडचण सुटली ती एका दिवाळखोर कंपनीमुळे. मोटोरोलाच्या पुढाकाराने 'इरिडियम' नावाची सॅटेलाइट फोनची योजना उभी राहिली होती. मूळ आराखड्यात ७७ उपग्रह होते, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव दिलं. पुढे ६६ उपग्रहांत भागतंय असं लक्षात आलं, पण ६६ क्रमांकाचं मूलद्रव्य डिस्प्रोझियम आहे, आणि हे नाव घेऊन फोन विकायला कोण निघणार! १ नोव्हेंबर १९९८ला सेवा सुरू झाली. ५ अब्ज डॉलरच्या घरात खर्च झाला होता. फोन विटेएवढा, दर अवाच्या सवा, आणि तोवर शहरांत साधे मोबाइल पोहोचलेले. ऑगस्ट १९९९मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. उपग्रह वातावरणात आणून जाळून टाकायची तयारी सुरू झाली होती. अखेर २००० सालाच्या शेवटी नव्या मालकांनी हा सगळा पसारा अवघ्या २.५ कोटी डॉलरला घेतला आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने गिऱ्हाईक होऊन त्याला टेकू दिला. २००१मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली.

इरिडियमचे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत प्रत्येक उपग्रह ध्रुवांच्या जवळून जातो. मुंबई किंवा न्यूयॉर्कच्या आकाशापेक्षा ध्रुवाच्या आकाशात त्यांची दाटी जास्त. ती इतकी, की तिथे पोहोचताना उपग्रहांना आपले काही बीम बंद करावे लागतात, नाहीतर ते एकमेकांवर पडतील. ज्यांच्या खिशात पैसा होता अशा उद्योगपतींसाठी बांधलेलं हे जाळं, जिथे एकही गिऱ्हाईक राहत नाही तिथे सगळ्यात दाट होतं. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

एप्रिल २००२मध्ये नोआच्या सिॲटलमधल्या प्रयोगशाळेने पहिला वेबकॅम बर्फावर बसवला.

आता वेग बघा. इरिडियमच्या डेटा कॉलचा वेग होता सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे ३०० बाइट. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट खातं, तेव्हा सेकंदाला शंभर चिन्हं. हा मजकूर तुम्ही वाचताय त्याच्या काही पट वेगाने. शंभर किलोबाइटच्या फोटोला साडेपाच मिनिटं. तुमच्या फोनमधला ३ एमबीचा फोटो पाठवायचा म्हटलं, तर पावणेतीन तास, तेही कॉल मधेच तुटला नाही तर. आणि तो तुटतोच. एक उपग्रह डोक्यावरून जेमतेम दहा मिनिटांत निघून जातो आणि कॉल दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागतो.

अशा लाइनवर कॅमेरा बसवणं म्हणजे मुख्यतः काय पाठवायचं नाही हे ठरवणं. चलचित्राचा प्रश्नच नाही. फोटो लहान करायचा, दाबून हलका करायचा आणि दिवसातून मोजक्या वेळा पाठवायचा. मधल्या तासांत काय झालं ते कायमचं हरवलं. वीज हा दुसरा घोर. थंडीत बॅटरीचा दम निम्म्यावर येतो, आणि कॅमेऱ्यापेक्षा जास्त वीज उपग्रहाशी बोलण्यात जाते. काचेवर हिमाचा थर बसला, तर तो हटवायला हीटर परवडत नाही, उन्हाची वाट बघायची. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य सहा महिन्यांसाठी मावळला की कॅमेऱ्याला दिसण्यासारखं काही उरत नाही.

याहून संथ लाइनवरून चित्रं आलेली आहेत. १९६५च्या जुलैत 'मरीनर ४' यानाने मंगळाचे फोटो सेकंदाला ८ बिटांच्या आसपास पाठवले होते. २०० बाय २०० ठिपक्यांच्या एका चित्राला आठ तास. तेवढा धीर नसलेल्या इंजिनिअरांनी आलेल्या आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवर लावून, खडूने रंग भरून पहिलं चित्र हातानेच काढलं होतं. मरीनरच्या बाबतीत एक बरं होतं. यान कुठे आहे याबद्दल बघणाऱ्याची गल्लत व्हायला जागा नव्हती.

ध्रुवावरच्या कॅमेऱ्याकडून शास्त्रज्ञांची अपेक्षा माफक होती. ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर हिम साचलंय का? खांब कलला का? नवीन बर्फ किती पडला? कारण सिॲटलमध्ये आलेला आकडा विचित्र वाटला, तर हवामान बदललं की उपकरण आडवं झालं, हे फक्त डोळ्याने कळतं. वितळण्याचा मोसम कधी सुरू झाला, हेही फोटोत दिसायचं. उन्हाळ्यात बर्फावरचं हिम वितळून खळग्यांत साठतं आणि त्याची तळी होतात. ही तळी महत्त्वाची, कारण ताजं पांढरं हिम आलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतं, आणि गडद पाणी ते पिऊन घेतं. एकदा तळं झालं की आजूबाजूचा बर्फ आणखी वेगाने वितळू लागतो.

म्हणजे २०१३च्या जुलैमध्ये दिसलेलं तळं ही अघटित घटना नव्हती. तशी तळी त्या भागात दर उन्हाळ्यात होतात. मॉरिसन यांच्या अंदाजाने ते सुमारे दोन फूट खोल आणि काहीशे फूट रुंद होतं. खाली लादी शाबूत होती. कॅमेऱ्याची लेन्स रुंद कोनाची असल्याने डबकं थेट क्षितिजापर्यंत गेल्यासारखं वाटत होतं. आणि मुख्य म्हणजे, तो कॅमेरा ध्रुवावर नव्हता. एप्रिलमध्ये ध्रुवाजवळ बसवलेली ती लादी साडेतीन महिन्यांत ग्रीनलँड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्राम सामुद्रधुनीच्या दिशेने ५००हून जास्त किलोमीटर वाहत गेली होती. नाव मात्र 'नॉर्थ पोल'च राहिलं. प्रकल्पाच्या वेबसाइटवर बोयाचे अक्षांश-रेखांश दिलेले असत. फोटो फिरला तेव्हा ते मागेच राहिले. तीनशे बाइटांच्या लाइनवरून जे आकडे अगदी सहज आले होते, ते आपल्या वेगवान लाइनवर गळाले.

पत्रकारांची घाई इथे आहेच, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. दिवसाला मोजके फोटो देणारा कॅमेरा बघणाऱ्याकडून फार मोठं काम करवून घेतो. दोन फोटोंमधलं अंतर त्याने आपल्या मनाने भरायचं असतं. शास्त्रज्ञ ते तापमानाच्या आकड्यांनी भरत होते. बाकीच्यांकडे भरायला आदल्या वर्षीची बातमी होती: सप्टेंबर २०१२मध्ये आर्क्टिकचा समुद्री बर्फ ३४.१ लाख चौरस किलोमीटरवर आला होता, १९७९पासूनच्या उपग्रह-नोंदींतला तोवरचा नीचांक. ती बातमी पूर्ण खरी होती. गंमत अशी, की तळ्याचा फोटो गाजला त्या २०१३ साली उन्हाळ्याच्या शेवटी बर्फ ५० लाखांच्या वर उरला, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा बराच जास्त. मग हवामानबदल नाकारणाऱ्यांनी या दोन गोष्टी जोडून शास्त्रज्ञांनाच खोटं ठरवायला सुरुवात केली, तर त्यांना आयतं कोलीत मिळालं म्हणायचं. वर्षावर्षाचे चढउतार धरूनही गेल्या चार दशकांत उन्हाळी बर्फ घटतच आला आहे. ते सांगायला त्या डबक्याची गरज नव्हती.

जुलै संपता संपता लादीला खाली एक भेग गेली आणि तळं तिच्यातून समुद्रात उतरलं. पुढच्या फोटोत पिवळ्या बोयाभोवती पुन्हा बर्फ होता आणि वर ढग. तोही तितक्याच संथपणे, मिनिटामिनिटाने, त्याच उपग्रहांवरून सिॲटलला पोहोचला. त्याला पहिल्यासारखे पाय फुटले नाहीत. लादी दक्षिणेकडे सरकतच राहिली.