कांडीच्या तहानेची कुळकथा

पिशोरच्या पट्ट्यात अद्रक निघते ती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि नवी लागवड होते एप्रिलअखेर ते मेमध्ये. मधले दोन-अडीच महिने बेणं जिवंत ठेवायचं, तेही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. म्हणून शेतकरी झाडाच्या गर्द सावलीत किंवा छपराखाली त्याचा ढीग लावतात, वरून पाला नाहीतर बारदान टाकतात आणि पाणी शिंपडतात ते नुसती ओल राहील इतकंच. उसाच्या बेण्याचं पाचटही वाटेत सोलत नाहीत, लागणीच्या वेळी काढतात. त्यामुळे डोळे मार खात नाहीत आणि कांडी सुकत नाही.

या शहाणपणाचं कूळ फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, सीताध्यक्षाची म्हणजे राज्याच्या शेतीवरच्या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत. कांडीनं लावायच्या पिकांच्या कापावर मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यावा, कंदांना मध आणि तूप लावावं, असं तिथे स्पष्ट आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्यायच घातला. डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांच्या कांड्या शेणानं माखून लावाव्यात, असं तो सांगतो. झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा, हेही त्यानं लिहून ठेवलं. मला यातली नेमकी नजर फार मोलाची वाटते. या माणसांनी कांडीला पाणी पाजायचा विचार केला नाही. तिच्यातलं पाणी बाहेर पडायची वाट अडवली.

मुळं नसलेली कांडी पाणी ओढू शकते फार थोडं, पण पानांतून आणि ताज्या कापातून ते सतत उडत राहतं. ऊब वाढली की ती श्वासही जोरात घेते आणि साठवलेली साखर खर्च करते. तीच साखर पुढे मुळी फुटायला लागते. म्हणून सावली, गारवा आणि दमट हवा हवी. बादलीत बुडवून ठेवलेल्या काडीला हवा मिळत नाही, ती कुजते.

इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्यानं नोंदवलं. बी लावून द्राक्षाची जात तशीच उतरत नाही, काडीच लावावी लागते. म्हणजे एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात ओलाव्यात गुंडाळलेल्या काड्यांच्या जुड्या गेल्याच असणार. 1855 मध्ये बंगालमधल्या रिश्रा इथे तागाची गिरणी सुरू झाली. पुढे तागाचं पोतं देशभर पोचलं आणि या कामाला ओलं बारदान मिळालं. ते ओल धरतं आणि हवाही खेळू देतं, दोन्ही एकदम.

त्याआधीच परदेशात काचेनं हे काम केलं होतं. लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी बंद काचेच्या पेट्यांत झाडं भरून 1833 मध्ये ऑस्ट्रेलियाला पाठवली आणि ती जिवंत पोचली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. झाडानं सोडलेली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. आपण आज प्लॅस्टिकच्या पिशवीत काडी ठेवतो तेव्हा त्याच पेटीची स्वस्त धाकटी बहीण वापरत असतो.

माहेरहून गुलाबाची काडी आणली आणि लावायला सवड नसेल, तर खालची पानं काढा, कळ्या खुडा, काडी ओलसर पण पिळून घेतलेल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवा आणि पिशवीचं तोंड सैल सोडा. गुलाब, अंजीर, द्राक्ष यांच्या काड्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात काही दिवस तग धरतात. जास्वंद, मनी प्लँट आणि अद्रकीचा कंद मात्र तिथे ठेवू नका. उष्ण प्रदेशातल्या या वनस्पतींना त्या थंडीनं इजा होते. त्यांना घरातला सावलीचा गार कोपरा पुरतो. आणि काडीचं वरचं टोक कोणतं हे विसरायला होतं, म्हणून खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ घ्या.